यंत्राची प्राणप्रतिष्ठा

'जगांत जर्मनी, भारतांत परभणी' ही म्हण मराठवाड्यांत ज्यानें ऐकिली नाहीं असा मनुष्य विरळाच. कोणी ती अभिमानानें म्हणतो, कोणी थट्टेनें. आणि परभणीकर मंडळी बहुधा दोन्ही भाव एकत्र करूनच ती उच्चारतात. या म्हणींतील दोन स्थळांचा परस्परांशीं कांहीं संबंध असेल, असा विचार आमच्या मनांत कधीं आला नव्हता. परंतु गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं थोरल्या बहिणीकडे परभणीस गेलों असतां तीन रात्रींचें जागरण घडलें, आणि त्या जागरणांत हा संबंध अकस्मात् लक्षांत आला. तो वाचकांपुढें ठेवावा, व त्या निमित्तानें संगणकाच्या इतिहासांतील एका उपेक्षित प्रकरणाकडे त्यांचें लक्ष वेधावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रसंग असा. आमच्या भाच्यानें सुटे भाग जमवून एक संगणक स्वतःच्या हातांनीं जुळविला. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅमच्या दोन पट्ट्या, साठवणुकीसाठीं नवी एसएसडी आणि वीजपुरवठ्याची पेटी, हें सर्व साहित्य एका दुकानदाराकडून आणलें होतें. आणि त्याचे पैसे दाजींनीं मागील हंगामाच्या कापसांतून बाजूस ठेविलेले होते. बटन दाबतांच पंखे फिरले, पडद्यावर अक्षरें उमटलीं. परंतु ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे यंत्राचा सर्व कारभार पाहणारी मूळ आज्ञावली, कांहीं केल्या त्यांत बसेना. दाजी दारांतून डोकावून जात. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं विचारिलें, "पैसे पाण्यांत गेले का हो?" या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

सर्व भाग जागच्या जागीं असतां संपूर्ण यंत्र निर्जीव कां राहावें? हा प्रश्न परभणीच्या त्या खोलींत नवा वाटला, तरी तो संगणकाइतकाच जुना आहे. मूर्ति घडवून झाली म्हणजे देव झाला, असें आपण मानीत नाहीं. प्राणप्रतिष्ठेचा विधि व्हावा लागतो. संगणकाचेंही तसेंच आहे. फरक इतकाच, कीं येथें विधि चुकला तर तें तत्काळ उघड होतें. या विधींत एक तर्कशास्त्रीय अडचण मुळांतच आहे. यंत्र जें कांहीं करतें, तें स्मृतींत असलेल्या आज्ञांप्रमाणें करतें. परंतु त्या आज्ञा स्मृतींत आणावयाच्या, तर आणणारी दुसरी आज्ञावली आधींच स्मृतींत हवी; आणि तिला तेथें कोणी आणावें? आपल्या नैयायिकांनीं ज्यास अन्योन्याश्रय म्हटलें, तोच हा दोष. यंत्र नव्यानें सुरू करणाऱ्या प्रत्येक पिढीनें तो आपापल्या परीनें सोडविला आहे.

आतां जर्मनीकडे वळूं. बर्लिन शहरांत कॉन्राड त्सूझं नांवाचा एक तरुण इंजिनियर होता. बांधकामाच्या गणितांतील त्याच त्या आंकडेमोडीला कंटाळून त्यानें विमानाच्या कारखान्यांतील नोकरी सोडली, आणि १९३६ सालीं आईबापांच्या राहत्या घरांत गणितयंत्र बांधावयास घेतलें. पैसा घरच्यांचा व मित्रांचा, मदतही मित्रांचीच. १९३८ सालीं त्याचें पहिलें यंत्र पुरें झालें. तें सर्वस्वीं यांत्रिक होतें. पातळ पत्र्याच्या हजारों पट्ट्या एकमेकींवर सरकून त्यांत हिशेब होत असे, आणि आज्ञा वाचण्यासाठीं सिनेमाच्या टाकाऊ फिल्मीला भोकें पाडून ती वापरीत. कल्पनेच्या दृष्टीनें हें यंत्र आपल्या काळाच्या फार पुढें होतें. द्विमान अंकपद्धति त्यांत होती; स्मृति व हिशेबाचा भाग हे निरनिराळे होते. पण व्यवहारांत तें भरंवशानें चालेना. पत्रे अडकत, आणि हिशेब अर्ध्यावर थांबे.

येथें त्सूझंनें जें केलें तें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. सारें यंत्र मोडीत काढावें असें त्यास वाटलें नाहीं. दुसऱ्या यंत्रांत त्यानें स्मृति जुनीच, पत्र्याची, ठेविली. फक्त हिशेबाचा भाग टेलिफोनच्या रिलेंनीं बांधिला. म्हणजे दोन भागांपैकीं एकच बदलला, आणि रिलेंचा भरंवसा कितपत धरतां येतो तें पाहिलें. ही परीक्षा उतरल्यावरच तिसरें यंत्र संपूर्णपणें रिलेंचें केलें, आणि १२ मे १९४१ रोजीं तें बर्लिनमध्यें चालवून दाखविलें. आज्ञावलीप्रमाणें आपोआप चालणारा जगांतील पहिला उपयुक्त संगणक म्हणून त्याचेंच नांव घेतात. १९४३ सालच्या बाँबहल्ल्यांत तें नष्ट झालें. घरांत, स्वतःच्या हातांनीं, घरच्यांच्या पैशानें जुळविलेला आणि आरंभीं हट्टानें अडून बसलेला संगणक ही कथा अशी जर्मनींतच सुरू होते. परभणीच्या खोलींत आमच्या भाच्यापुढें असलेलें संकट त्याच कुळांतलें होतें.

त्सूझंच्या यंत्रांत आज्ञा फिल्मीवरून एकेक वाचून तेथल्या तेथें पाळल्या जात; म्हणून अन्योन्याश्रयाचा प्रश्न त्यास फारसा जाचला नाहीं. आज्ञा स्मृतींतच सांठविण्याची पद्धति आली, तेव्हां तो खरा उभा राहिला. केंब्रिज विद्यापीठांत मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखालीं बांधिलेला एडसॅक हा संगणक ६ मे १९४९ रोजीं प्रथम चालला, आणि त्यानें वर्गांचा एक तक्ता छापून दिला. त्याची स्मृति पाऱ्यानें भरलेल्या नळ्यांत ध्वनिलहरींच्या रूपानें राही; वीज बंद केली कीं सारें पुसलें जाई. अशा विस्मरणशील यंत्रास पहिला शब्द कोणी शिकवावा? डेव्हिड व्हीलर या तरुण विद्यार्थ्यानें ३१ आज्ञांची एक छोटी मालिका रचिली. ती टेलिफोन एक्स्चेंजमधील फिरत्या स्विचांवर तारांनीं कायमची जोडून टाकिली होती. बटन दाबतांच ती मालिका स्मृतींत उतरे, आणि मग तीच कागदी फितीवरील पुढील आज्ञा वाचून घेई. आजच्या संगणकाच्या मदरबोर्डवरील बायोसची हीच आद्य पूर्वज होय. याच काळांत विल्क्स यांना एके दिवशीं जिना चढतांना जाणवलें, कीं आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराच भाग स्वतःच्याच आज्ञावलींतील चुका शोधण्यांत जाणार आहे. ही आठवण त्यांनींच पुढें लिहून ठेविली.

आपल्या देशांत हा अनुभव प्रथम कलकत्ता व मुंबई या दोन नगरांस आला. कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटनें १९५५ सालीं इंग्लंडमधून एक संगणक आणविला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें मात्र यंत्र स्वतः बांधण्याचें ठरविलें. रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालीं तरुणांचा एक गट या कामास लागला. यांपैकीं बहुतेकांनीं पूर्वीं संगणक बांधिला नव्हता. त्यांनीं एकदम मोठें यंत्र हातीं घेतलें नाहीं. आधीं एक लहान, प्रायोगिक यंत्र तयार केलें, तें १९५६ सालीं चालूं लागलें, आणि त्यावरून हात बसल्यावर मोठें यंत्र उभारिलें. सुमारें २,७०० निर्वात नळ्या, फेराइटच्या कड्यांची २,०४८ शब्दांची स्मृति आणि ४० अंकस्थानांचा एकेक शब्द असा त्याचा संसार होता. १९६० सालीं तें कामास लागलें, आणि १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्यास टिफ्रॅक हें नांव दिलें. हजारों नळ्यांपैकीं एखादी नळी केव्हां दगा देईल याचा नेम नसे. म्हणून अशा यंत्रांच्या शाळेंत वाढलेल्या मनुष्यास एक संवय जडे: उत्तर चुकलें कीं आधीं यंत्र तपासावें कीं आज्ञावली, हें ठरवावयाचें, आणि मगच हात लावावयाचा.

या यंत्रांस ऑपरेटिंग सिस्टीम नव्हती. फिती लावणें, काम सुरू करणें, तें अडलें तर थांबविणें हा सर्व कारभार माणसेंच पाहात. यंत्रांचा वेग वाढला तशी माणसाची मंद गति सोसवेना, आणि हा कारभारही आज्ञावलीकडे सोंपविण्यांत आला. आयबीएमनें १९६४ सालीं जाहीर केलेल्या यंत्रमालिकेची ऑपरेटिंग सिस्टीम इतकी अवाढव्य झाली, कीं ती वेळेवर पुरी होईना. तिचे प्रमुख फ्रेडरिक ब्रूक्स यांनीं त्या फजितीवर १९७५ सालीं एक ग्रंथच लिहिला. तरीही तोंवर एक गोष्ट सोयीची होती. यंत्र व त्याची आज्ञावली बहुधा एकाच घरचीं असत. बिघाड झाला तर कोणास बोलवावें, याविषयीं संशय नसे.

ही सोय १९८१ सालीं संपली. त्या वर्षीं आयबीएमनें काढिलेल्या छोट्या संगणकांत प्रोसेसर इंटेलचा होता, ऑपरेटिंग सिस्टीम मायक्रोसॉफ्टची होती, आणि जोडणीची माहिती प्रसिद्ध होती. आयबीएमची खास मालकी होती ती बायोसवर. ती नक्कल न करितां, केवळ तिचें वर्तन पाहून, इतरांनीं तशीच दुसरी रचिली. १९८४ सालापासून फीनिक्स नांवाची कंपनी अशी बायोस कोणाही कारखानदारास विकूं लागली. त्याबरोबर कोणाचाही भाग कोणाच्याही भागाशीं जोडतां येऊं लागला. त्याच वर्षीं हिंदुस्थान सरकारनें संगणकविषयक धोरण सैल केलें. या दोन घटनांचा परिणाम असा, कीं पुढील दोन दशकांत जिल्ह्याच्या गांवींसुद्धां सुटे भाग जुळवून देणारीं दुकानें निघालीं, आणि तयार यंत्र न परवडणाऱ्या कुटुंबांच्या घरांत संगणक आला. २००१ सालीं महाराष्ट्रांत सुरू झालेल्या एमएस-सीआयटी या शिक्षणक्रमानें तर तालुक्याच्या गांवींही संगणकाचे वर्ग उभे केले. ही लोकशाही फार मोलाची खरी. पण तिचें मोल असें, कीं दहा घरचे दहा भाग एकत्र नांदावयाचे, तर प्रत्येकानें ठरलेला करार पाळला पाहिजे. आणि करार तर काळानुसार बदलत जातात.

याचें उदाहरण परभणीकरांस समजावयास कठीण नाहीं. १९०० सालच्या सुमारास निजामाच्या राज्यांतील गोदावरी खोऱ्याची आगगाडी परभणीवरून मनमाडपर्यंत गेली, ती मीटर गेजची. आणि मनमाडास मुंबईची जी आगगाडी मिळे, ती मोठ्या, १,६७६ मिलिमीटर रुंदीच्या रुळांची. दोन्ही गाड्या उत्तम, दोन्ही इंजिनें निर्दोष. तरी एकीचा डबा दुसरीच्या रुळावर चालत नसे, आणि मनमाडास प्रत्येक गाठोडें उतरवून पुन्हां चढवावें लागे. विसाव्या शतकाच्या अखेरीस गेज बदललें, तेव्हां हा त्रास मिटला. संगणकाच्या साठवणुकींतही अशींच दोन गेजें आहेत. १९८३ सालीं ठरलेल्या जुन्या पद्धतींत डिस्कच्या अगदीं पहिल्या, ५१२ बाइटांच्या कप्प्यांत डिस्कच्या वांटणीचा नकाशा लिहीत. त्यांत मुख्य वांटण्या चारच मावत, आणि आंकड्यांस जागा अपुरी असल्यानें सामान्यतः सुमारें दोन टेराबाइटांपलीकडची जागा त्यांत मोजतां येत नसे. पुढें बायोसच्या जागीं यूईएफआय ही नवी व्यवस्था आली. २००५ सालापासून अनेक कंपन्यांचें एक मंडळ तिचे नियम ठरवीत आहे. तिच्याबरोबर वांटणीचा नकाशाही नवा आला. डिस्क जुन्या गेजची आणि बसविण्याची क्रिया नव्या गेजवर सुरू झालेली असली, म्हणजे विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टीम पुढें जाण्याचें साफ नाकारते. बिघाड कोठेंच नसतो. फक्त मनमाड आलेलें असतें!

इतकें सांगितल्यावर त्या तीन रात्रींचा वृत्तांत थोडक्यांत सांगतां येईल. पहिल्या रात्रीं पेन ड्राइव्हवरून ऑपरेटिंग सिस्टीम बसवूं लागलों, तों नवी एसएसडी यादींत दिसेचना. ती मेलेलीच आहे असा निर्णय आम्हीं दहा मिनिटांत देऊन टाकिला. दुसऱ्या रात्रीं जुन्या संगणकाची डिस्क काढून या यंत्रास जोडिली. ती दिसली; पण वर सांगितलेल्या गेजच्या भांडणामुळें यंत्रानें तिच्यावर कांहीं बसविण्याचें नाकारलें. इलाज सोपा होता: डिस्क पुसून नवा नकाशा लिहावयाचा. भाच्यानें पुसण्याच्या बटनावर बाण नेलाही होता. तेवढ्यांत बहिणीनें सहज विचारिलें, "त्याच्यावर आईचे फोटो आहेत ना रे?" होते, आणि जमिनीच्या कागदांच्या प्रतीही होत्या. त्यांची दुसरी प्रत कोठेंही नव्हती. आम्हां दोघांचेही हात थंड पडले. ती डिस्क आम्हीं काढून कपाटांत ठेविली, आणि त्या रात्रीं पुढें कशालाही हात लाविला नाहीं.

तिसऱ्या दिवशीं शांतपणें पाहतां कळलें, कीं एसएसडी मेली नव्हती. मदरबोर्डच्या मांडणींत ती अनेक डिस्का एकत्र बांधणाऱ्या एका विशेष व्यवस्थेच्या हवालीं केलेली होती, आणि त्या व्यवस्थेची भाषा बसविणाऱ्या आज्ञावलीस येत नव्हती. ती मांडणी साधी करतांच एसएसडी दिसूं लागली. आनंदानें काम सुरू केलें. तें निम्म्याच्या आंत थांबलें. पुन्हां केलें, या वेळीं बरेंच पुढें जाऊन थांबलें. तिसऱ्यांदा आणखी भलत्याच ठिकाणीं. तेव्हां आम्हीं दुकानदारास फोन करून, खोटा माल गळ्यांत मारल्याबद्दल, जे शब्द वापरूं नयेत ते वापरले. तो मनुष्य रागावला नाहीं. तो एवढेंच म्हणाला, "साहेब, दरवेळी वेगळ्या जागी थांबतंय ना? मग एकेक पट्टी काढून बघा. आणि रॅमचा वेग वाढवून ठेवला असेल, तर आधी मूळ वेगावर आणा."

भाचा गप्प झाला. वेग त्यानेंच वाढविला होता. पट्टीच्या खोक्यावर जो मोठा आंकडा छापिला होता, तोच हवा म्हणून.

येथें दाजी प्रथमच खोलींत येऊन बसले. सारी हकीकत ऐकून ते म्हणाले, "पेरलेलं उगवलं नाही, तर आम्ही लगेच बियाण्यावर खापर फोडत नसतो. खोल पडलं का, ओल होती का, ते आधी बघावं लागतं. अन् बियाण्याचाच संशय असला, तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो. तिथं ना रान असतं, ना पाऊस. मग बी काय ते आपोआप कळतं." ज्या जिल्ह्यांत १९७२ सालापासून कृषि विद्यापीठ आहे, तेथें सोयाबीन पेरणाऱ्यास ही परीक्षा नवी नाहीं, परंतु आम्हां पुस्तकी माणसांस ती त्या क्षणीं नवी वाटली. तीन रात्रीं आम्ही रान, पाऊस आणि बी एकदम बदलीत होतों.

मग गोणपाटाची परीक्षा केली. रॅम तपासणाऱ्या स्वतंत्र आज्ञावली १९९४ सालापासून प्रचारांत आहेत. त्या कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टीमवांचून चालतात, स्मृतीच्या प्रत्येक घरांत कांहीं लिहितात, आणि तेंच परत वाचून पाहतात. वाढविलेल्या वेगावर पाव तासांत चुकांचे लाल आंकडे दिसूं लागले. मूळ वेगावर रात्रभर परीक्षा चालली; एकही चूक निघाली नाहीं. पट्ट्या दोन्ही चांगल्या होत्या, माल खरा होता. ऑपरेटिंग सिस्टीम बसवितांना दाबून भरलेली मोठी फाइल स्मृतींत उलगडून डिस्कवर लिहावी लागते. एक अंकही उलटला तर जुळणी फसते. म्हणून जो दोष एरवीं महिनोन्महिने लपून राहील, तो या एका तासांत बाहेर येतो. पेन ड्राइव्हवरील प्रतच खराब असती, तर बहुधा काम दरवेळीं एकाच जागीं अडलें असतें. जागा बदलत होती, हीच स्मृति डळमळीत असल्याची खूण. ती आमच्या डोळ्यांसमोर तीन वेळां येऊन गेली होती, आणि आम्हीं ती वाचिली नव्हती.

पहांटे ऑपरेटिंग सिस्टीम बसली. सकाळीं आम्हीं दुकानदारास पुन्हां फोन केला, आणि आदल्या दिवसाच्या शब्दांबद्दल क्षमा मागितली. तो म्हणाला, "चालायचंच, साहेब," आणि वेग किती ठेवावा तें समजावून सांगूं लागला. भाच्यानें त्याच दिवशीं जुन्या डिस्कवरील आईच्या फोटोंच्या व जमिनीच्या कागदांच्या दोन प्रती केल्या. एक परभणीस ठेविली, दुसरी आमच्याबरोबर दिली.

असो. इतिहासाच्या वाचनाचा व्यवहारांत कांहीं उपयोग आहे काय, असें आम्हांस पुष्कळदां विचारण्यांत येतें. त्सूझंनें एका वेळीं एकच भाग बदलला, आणि मुंबईच्या तरुणांनीं मोठ्या यंत्राच्या आधीं लहान यंत्र केलें, हें आम्ही परभणीस जाण्यापूर्वींही वाचून होतों. तें वेळेवर आठवतें, तर एका सज्जनास अपशब्द ऐकावे लागले नसते, आणि आईची छायाचित्रें एका बटनाच्या अंतरावर आलीं नसतीं. दाजींनीं त्सूझंचें नांवही ऐकलेलें नाहीं. परंतु तो ज्या वाटेनें गेला, ती वाट त्यांना रानांतून ठाऊक होती. तेव्हां जर्मनी आणि परभणी यांचा संबंध कोणी थट्टेनें जोडूं लागला, तर यापुढें आम्ही हंसूं खरे, पण थोडे जपून.